ज्यू घरात दुखवट्याला भेटायला जाताना

ओळखीतल्या कुणाच्या घरी माणूस गेलंय, कुटुंब ज्यू आहे, फोनवर मेसेज आलाय की "दफन काल झालं, शिव्हा थोरल्या मुलीच्या घरी, सोमवारपर्यंत", आणि तुम्ही तो मेसेज तीनदा वाचलाय कारण जायचं तर नक्की आहे पण जाऊन करायचं काय, न्यायचं काय, बोलायचं काय, यातलं काहीच माहीत नाही. तर हे तुमच्यासाठी लिहितेय.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं. फुलांचा मोठा गुच्छ घेऊन गेले, दार नुसतं लोटलेलं होतं तरी बेल वाजवली, मैत्रिणीचा भाऊ बसल्या जागेवरून उठून दार उघडायला आला, आणि आत गेल्या गेल्या मी मैत्रिणीला विचारलं, "कशी आहेस?" तिचे वडील जाऊन दोन दिवस झाले होते. ती रागावली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग त्या शांततेला घाबरून मी बोलत सुटले, वय झालं होतं, सुटले बिचारे, तू खंबीर राहा, सगळं. त्या पाच मिनिटांत जे जे करायचं नसतं ते सगळं मी करून झाले होते. नंतर तिनेच मला एकेक गोष्ट समजावून सांगितली, आणि त्यानंतर मी बऱ्याच घरी जाऊन आलेय, म्हणून वाटतं की जाण्याआधी हे वाचलेलं असलं तर तुमचंही बरं होईल आणि त्या घराचंही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. शिव्हाच्या म्हणजे दुखवट्याच्या या सात दिवसांत त्या घरात कुणी यजमान नसतं. म्हणून तुम्हीही पाहुणे नसता. बाकीचे जे नियम सांगतेय ते सगळे यातूनच येतात, त्यामुळे एखादा विसरलात तरी हे आठवलं की काय करायचं ते आपोआप सुचतं.

शिव्हा म्हणजे काय

हिब्रू भाषेत शेवा म्हणजे सात, त्यावरून शिव्हा. शंकराच्या नावाशी याचा काही संबंध नाही, उच्चार जवळचा आहे इतकंच. दफन झाल्यावर घरी येऊन कुटुंब सात दिवस बसतं, अक्षरशः बसतं, "शिव्हा बसणं" असाच शब्दप्रयोग आहे. प्रथा फार जुनी आहे, बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ आपल्या वडिलांसाठी म्हणजे याकोबासाठी सात दिवस शोक करतो असं आलंय.

दिवस मोजायची पद्धत नीट समजून घ्या कारण इथेच लोक चुकतात. दफनाचा दिवस हाच पहिला दिवस धरतात, मग दफन दुपारी उशिरा झालेलं असलं तरी, आणि सातव्या दिवशी फक्त सकाळचा थोडा वेळ बसून उठतात. म्हणजे मंगळवारी दफन झालं तर पुढच्या सोमवारी सकाळी शिव्हा संपतो. "सोमवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाऊ" म्हणालात तर घर उठलेलं असेल. मध्ये मोठा सण आला तर शिव्हा तिथेच संपतो, उरलेले दिवस नंतर भरून काढत नाहीत, आणि दफनच सणाच्या दिवसांत झालं असेल तर शिव्हा सण संपल्यावर सुरू होतो. काही कुटुंबं, विशेषतः रिफॉर्म म्हणजे सुधारणावादी पंथातली, ३ दिवसच बसतात. त्यामुळे मेसेजमध्ये दिलेल्या वेळा नीट वाचा, नसतील दिल्या तर घरातल्या लोकांना नाही, त्यांच्या एखाद्या मित्राला विचारा.

धर्माच्या नियमाने शिव्हा कुणी बसायचं ते ठरलेलं आहे. गेलेल्या माणसाचे आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आणि नवरा किंवा बायको. एवढेच. नातवंडं, सुना, जावई, जवळचे मित्र यांच्यावर तो नियम नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. आजीने वाढवलेला नातू स्वयंपाकघरात कागदी कप मांडत उभा असतो आणि येणारा प्रत्येकजण त्याला ओलांडून आत आजीच्या मुलांकडे जातो. त्याच्यापाशी दोन मिनिटं थांबा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, एकदा डोळ्यांनी बघितलं तेव्हा कळलं.

कधी जायचं आणि कधी नाही

दफनाच्या आधी सांत्वनाला जायचं नाही. ज्यू पद्धतीत दफन शक्य तितक्या लवकर करतात, जमलं तर दिवसाभरात, आणि मृत्यू ते दफन हा काळ त्या कुटुंबासाठी पूर्ण वेगळा मानलाय, त्या अवस्थेतल्या माणसाला ओनेन म्हणतात. त्याला नेहमीच्या प्रार्थनेतूनसुद्धा सूट असते कारण त्याचं एकच काम, गेलेल्या माणसाची व्यवस्था. जुन्या ऋषीतुल्य रब्बींपैकी शिमोन बेन एलाझार यांचं वचन आहे की ज्याचा मृत माणूस त्याच्यासमोर आहे अशाचं तेव्हा सांत्वन करू नका. या काळात मदत करायची असेल तर कामाची करा, विमानतळावरून कुणाला आणणं, मुलं सांभाळणं, फोन करून लोकांना कळवणं. सांत्वनाचे शब्द नंतर.

पहिले ३ दिवस रडण्याचे मानतात, तालमूदमध्ये म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात तसं म्हटलंय, म्हणून फार जवळचे नसाल तर चौथ्या दिवशी जाणं बरं, आणि खरं सांगायचं तर पाचव्या सहाव्या दिवशी गर्दी ओसरलेली असते तेव्हा तुमची जास्त गरज असते. पण जवळचे असाल तर थांबू नका.

शब्बाथला म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत सहसा भेटायला जात नाहीत. तो दिवस सात दिवसांत मोजतात पण त्या दिवशी दुःख उघडपणे दाखवायचं नसतं, दुखवट्यात फाडलेला शर्ट बदलून लोक सिनेगॉगला म्हणजे प्रार्थनास्थळी जाऊन येतात. धार्मिक घरात त्या दिवशी फोनही घेत नाहीत, मेसेजला उत्तर आलं नाही म्हणून काळजी करत बसू नका.

जेवणाच्या वेळा आणि रात्री उशिरा टाळा. आणि आधी फोन करून "येऊ का" असं दुखवट्यातल्या माणसाला विचारू नका, वेळा जाहीर केल्यात म्हणजे या असंच सांगितलंय, तुमच्या फोनला उत्तर देणं हे त्याच्या डोक्यावर आणखी एक काम.

काय न्यायचं

फुलं नाहीत. ज्यू दुखवट्यात फुलांची पद्धत नाही. नेलीत म्हणून कुणी हाकलणार नाही, पण ती ठेवायची कुठे हा प्रश्न तुम्ही दुसऱ्या कुणावर टाकता. फुलांच्या ऐवजी गेलेल्या माणसाच्या नावाने देणगी देतात, बहुतेक वेळा कुटुंब स्वतःच संस्थेचं नाव कळवतं. दानाला त्झेदाका म्हणतात, आणि ते करून पुन्हा घरी येऊन सांगायची गरज नसते.

न्यायचं ते जेवण. याला पाया आहे. दफनावरून परत आल्यावरचं पहिलं जेवण दुखवट्यातल्या माणसाने स्वतःच्या घरचं खायचं नसतं, शेजाऱ्यांनी मित्रांनी आणून द्यायचं असतं, त्याला सेऊदात हावराआ म्हणतात, सांत्वनाचं जेवण. त्यात गोल गोष्टी असतात, उकडलेली अंडी, गोल पाव, मसूर. गोल म्हणजे चाक, सगळ्यांच्या दारावरून फिरणारं. मसुराचं तर आणखी छान आहे. चवळीला किंवा वालाला कसं एका बाजूला तोंड दिसतं, तसं मसुराला दिसत नाही, दाणा सगळीकडून गुळगुळीत. तालमूदमध्ये म्हटलंय की मसुराला जसं तोंड नाही तसं शोकातल्या माणसालाही तोंड नसतं. आणि बायबलमध्ये याकोबाने आपल्या भावाला, एसावाला दिलेलं ते प्रसिद्ध मसुराचं कालवण, तेही त्यांचा आजोबा अब्राहाम वारला त्या दिवशी शोकातल्या बापासाठी, इसहाकासाठीच शिजत होतं अशी तिथे कथा आहे. मी हे ऐकल्यापासून त्या घरात शांत बसलेलं माणूस दिसलं की मला डब्यातली मसूर आठवते.

पण आपल्या हातचं करून नेण्याआधी थांबा, कोशर म्हणजे खाण्याचे ज्यू नियम पाळतात का ते विचारा. पाळत असतील तर प्रश्न नुसता डुकराचं मांस आहे की नाही एवढा नसतो. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, एका जेवणात नाही, एका भांड्यात नाही, आणि ज्या स्वयंपाकघरात हा नियम पाळत नाहीत तिथे शिजवलेलं अन्न, मग ते नुसती भाजी का असेना, त्यांना चालणार नाही. तुम्ही प्रेमाने केलेलं ते तसंच राहील, आणि नको म्हणायची वेळ त्यांच्यावर येईल. सोपा मार्ग म्हणजे कोशर शिक्का असलेलं सीलबंद काहीतरी, कोशर दुकानातून मागवलेलं जेवण, किंवा अख्खी न कापलेली फळं. बहुतेक वेळा एखादी शेजारीण किंवा मैत्रीण जेवणाची यादी सांभाळत असते, कुठल्या दिवशी कोण आणणार ते, तिच्याकडे नाव द्या आणि ती सांगेल तेच न्या. पाच जणांनी पाच केक आणले आणि रात्रीचं जेवण कुणीच नाही असं होऊ नये.

कागदी प्लेट, कप, नॅपकिन हेही न्यायला फार चांगलं. शिव्हाच्या घरात ते संपतच असतात.

आणि कोशर घरात भांडी घासायला धावू नका. मदत म्हणून आपण सिंककडे जातो, पण तिथे दुधाच्या आणि मांसाच्या भांड्यांचे स्पंज वेगळे, कधी कधी सिंकही दोन, ताटं वेगळी कपाटं वेगळी, आणि चुकीच्या स्पंजने एक पातेलं घासलं की ते पातेलं वापरातून जाऊ शकतं. आधी विचारा कुठला स्पंज. नाहीतर कचऱ्याची पिशवी बाहेर नेऊन ठेवा, तिथे चुकण्यासारखं काही नाही.

आत गेल्यावर काय दिसेल

दार बहुतेक उघडं किंवा लोटलेलं असतं, ते मुद्दाम, म्हणजे कुणाला उठून दार उघडावं लागू नये. बेल वाजवू नका, हळूच आत जा. दाराबाहेर पाण्याचा तांब्या किंवा जग ठेवलेला दिसला तर तो दफनभूमीवरून थेट येणाऱ्यांनी हात धुवायला असतो, तुम्ही तिथून येत असाल तर धुवा, घरून येत असाल तर तुमच्यासाठी नाही.

आरसे झाकलेले असतील. मी पहिल्यांदा बघितलं ते बैठकीतलं होतं, मोठा भिंतीएवढा आरसा आणि त्यावर निळ्या रेघांची पलंगाची चादर, वरच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलेली, एक चिमटा सुटून चादर तिरकी झाली होती आणि त्या तिरक्या पट्टीत खोलीतल्या दिव्याचा तुकडा दिसत होता. कुणीही ती नीट केली नाही. या दिवसांत आपण कसे दिसतो हे बघायचंच नसतं.

एक दिवा किंवा मोठी मेणबत्ती सात दिवस जळत असते, ती गेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी, तिला हात लावू नका, शेजारी पिशव्या ठेवू नका.

दुखवट्यातले लोक बुटक्या स्टुलावर, पाय कापलेल्या खुर्चीवर किंवा सोफ्याची गादी काढून खाली बसलेले दिसतील. पायात कातडी चप्पल बूट नसतात, मोजे किंवा कापडी बूट. पुरुषांची दाढी वाढलेली. अंगातल्या कपड्याला फाडलेलं असेल, त्याला क्रिआ म्हणतात, आईवडिलांसाठी डाव्या बाजूला हृदयावर, बाकीच्यांसाठी उजव्या बाजूला, आणि काही लोक कपड्याऐवजी छातीवर काळी फीत लावून ती फाडतात. माझ्या मैत्रिणीने सातही दिवस तो एकच स्वेटर घातला होता, गळ्यापासून चार बोटं फाटलेला, लोकरीचा धागा निघून लोंबत होता आणि बोलता बोलता ती तो बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. तुम्ही त्या फाटलेल्याकडे टक लावून बघू नका आणि "पिन देऊ का" असं तर अजिबात विचारू नका. (मी पर्समध्ये हातही घातला होता.)

ते तुम्हाला बघून उठणार नाहीत. कुणासाठीही उठायचं नसतं, जुना नियम असा की सगळ्यात मोठा मानाचा माणूस आला तरी नाही. वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला चहा कॉफी विचारणार नाहीत. टेबलावर खाण्याचं असेल तर घ्या किंवा नका घेऊ, पण त्यांच्याकडून मागू नका. मात्र त्यांनी काही खाल्लंय का याकडे लक्ष असू द्या, एक प्लेट भरून शेजारी ठेवली तरी पुरतं. काही घरांत शिव्हाच्या घरातून खाण्याचं किंवा काहीही परत न्यायचं नाही असं मानतात, त्यामुळे डबा परत न्यायच्या भानगडीत पडू नका, परत मागावा लागेल अशा डब्यातच नेऊ नका.

कपडे साधे, अंग झाकलेले. पुरुषांना दारात टोपी म्हणजे किप्पा दिला तर घाला, ज्यू नसाल तरी, तो आदर आहे. सनातनी म्हणजे ऑर्थोडॉक्स घरात स्त्री पुरुष एकमेकांना हात मिळवत नाहीत, मिठी तर दूरच, म्हणून समोरच्याने हात पुढे केला तरच करा. फोन सायलेंटवर नाही, बंद. फोटो काढायचा नाही, कुणाचाच.

बोलायचं काय

इथे जरा जास्त थांबणार आहे कारण सगळ्यांची भीती हीच असते.

नियम असा की आधी तुम्ही बोलायचं नाही. जा, जवळ बसा, आणि गप्प राहा. शोकातला माणूस बोलायला लागला की मग तुम्ही बोला. हे बायबलमधल्या इयोबाच्या पुस्तकातल्या गोष्टीवरून आलंय. इयोबाची मुलं गेली, सगळं गेलं, त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले, आणि कुणीही एक शब्द बोललं नाही कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसत होतं. पुढची गोष्टही बघा, ती लोक सांगत नाहीत. सात दिवसांनंतर तेच मित्र बोलायला लागतात, असं का झालं त्याची कारणं द्यायला लागतात, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणतात, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो. गप्प बसले होते तोवर ते चांगले मित्र होते.

प्रत्यक्षात हे फार अवघड जातं. दोन मिनिटांची शांतता वीस मिनिटांसारखी वाटते, घशात आवंढा येतो, काहीतरी बोलून ती मोडावी असं वाटतं. मोडू नका. हातात हात चालणार असेल तर हात धरा, नाहीतर नुसते बसा, जमिनीकडे बघा. कधी कधी ते हवामानाबद्दल बोलतील, क्रिकेटबद्दल, हसतीलसुद्धा. तेही चालतं, त्यांच्या मागे जा. रडले तर रडू द्या, लगेच टिश्यू पुढे करून ते थांबवू नका.

"शालोम" म्हणायचं नाही, एरवी नमस्कारासारखा म्हणतात पण या घरात नाही. "कशी आहेस" नाही. "खंबीर राहा" नाही, कारण खंबीर न राहण्यासाठीच हे सात दिवस दिलेत. "चांगल्या जागी गेले", "देवाची इच्छा", "नव्वदीचे होते, सोनं झालं", "निदान त्रास तरी संपला", "अजून एक मूल आहे ना तुम्हाला", यातलं काहीच नाही. कुणी लहान वयात गेलं असेल, अपघातात गेलं असेल, तर शब्द आणखी कमी करा. आणि माझेही वडील असेच गेले म्हणून आपली गोष्ट सुरू करू नका, तिथे एकाच माणसाबद्दल बोलायचंय.

बोलायचं असेल तर त्या माणसाचं नाव घेऊन बोला. लोक नाव घ्यायला घाबरतात, जणू नाव घेतलं तर त्यांना आठवेल. त्यांना दुसरं काही आठवतच नसतं. "तुझ्या बाबांनी मला एकदा पावसात गाडीने घरी सोडलं होतं आणि सगळा रस्ता काही न बोलता, दारात उतरवताना म्हणाले, छत्री घेत जा." असली एक छोटी खरी आठवण पुष्कळ झाली. घरच्यांना माहीत नसलेली असेल तर सोन्याहून पिवळं, कारण गेलेल्या माणसाबद्दल नवीन काही ऐकायला मिळणं आता बंद झालेलं असतं. आणि ओळखतच नसाल तर एकच प्रश्न, "त्यांच्याबद्दल सांगशील?" मग ऐका. फोटो अल्बम बहुतेक टेबलावर असतोच.

शब्द हवेच असतील तर "मला फार वाईट वाटलं" एवढं म्हणा. "त्यांची स्मृती आशीर्वाद ठरो" हे ज्यू लोक नेहमी म्हणतात, हिब्रूत पुरुषासाठी झिख्रोनो लिव्राखा, स्त्रीसाठी झिख्रोना लिव्राखा. तुम्ही आपल्या भाषेत म्हटलं तरी पोचतं.

प्रार्थना सुरू झाली तर

रोजच्या प्रार्थना, सकाळची शाखरित, दुपारची मिन्हा, संध्याकाळची मारिव, घरातच होतात म्हणजे दुखवट्यातल्या माणसाला बाहेर जावं लागत नाही. त्यासाठी दहा प्रौढ ज्यूंचा गट म्हणजे मिन्यान लागतो, ऑर्थोडॉक्स पुरुषच मोजतात, इतर पंथ बहुतेक स्त्रियांनाही. म्हणून संध्याकाळी अचानक दहाबारा लोक आत येतील, पुस्तकं वाटतील. तुम्ही ज्यू नसाल तर मोजणीत नसता, पण जायची गरज नाही. बाजूला उभे राहा, सगळे उभे राहिले की उभे, बसले की बसा. पुस्तक दिलं तर ते उजवीकडून डावीकडे उघडतं. ऑर्थोडॉक्स घरात बायका वेगळ्या खोलीत किंवा मागे असतील, तिकडे जा.

मग कद्दिश म्हणतात. शोकातला माणूस उभा राहतो आणि अरामी भाषेत म्हणतो, बाकीचे मध्ये मध्ये उत्तर देतात. यात मृत्यूचा एक शब्द नाही, सगळी देवाच्या नावाची स्तुती. ज्याचं माणूस नुकतंच गेलंय त्याने उभं राहून हे म्हणायचं, आणि ते दहाजणांशिवाय म्हणता येत नाही, म्हणजे त्याला एकटं राहताच येत नाही. पहिल्या दिवशी आवाज फुटत नाही, ओळीओळीला अडखळतात, शेजारचा माणूस हळूच पुढचा शब्द पुरवतो. तुम्हाला सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणावंसं वाटलं तर म्हणा.

निघताना

अर्धा तास, फार तर तास. खोली भरलेली असेल तर दहापंधरा मिनिटांत जागा मोकळी करा, आणि तुम्ही एकटेच असाल आणि ते बोलत असतील तर घड्याळ बघू नका. तालमूदच्या काळापासूनची खूण अशी की शोकातल्या माणसाने मान हलवली म्हणजे आता जा, मग तिथे बसायचं नाही. आजही मान खाली जाते, डोळे मिटतात, उत्तरं तुटक होतात, ते ओळखा. दारापर्यंत पोचवायला ते येणार नाहीत.

निघताना ज्यू लोक एक ठरलेलं वाक्य म्हणतात, हामाकोम येनाखेम एत्खेम बेतोख शेआर आवेलेई त्सियोन वीरुशालायिम. अर्थ, त्सियोन आणि यरुशलेमच्या इतर शोकाकुलांसोबत देव तुमचं सांत्वन करो. इथे देवासाठी जो शब्द आहे, हामाकोम, त्याचा शब्दशः अर्थ "ती जागा". ज्यांच्या घरात एक जागा रिकामी झालीय त्यांना हे म्हणायचं. सेफार्दी म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे ज्यू मिन हाशामायिम तेनुखामू म्हणतात, स्वर्गातून तुमचं सांत्वन होवो. ब्रिटनमधले ज्यू "तुम्हाला दीर्घायुष्य लाभो" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य म्हणतात, पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं पण तिथली रीत आहे. तुम्हाला यातलं काही पाठ करून जायची गरज नाही, "देव तुमचं सांत्वन करो" किंवा नुसतं मान लववून निघालात तरी चालेल. "परत भेटू, मजा करा" छाप निरोप मात्र तोंडातून निसटू देऊ नका.

जाताच आलं नाही तर पत्र लिहा, हाताने, आणि त्यात ती एक आठवण लिहा. पत्रं नंतर वाचली जातात, पुन्हा पुन्हा.

सात दिवसांनंतर

सातव्या दिवशी सकाळी जमलेले लोक त्यांना उठा म्हणतात, आणि बरेच जण सगळ्यांसोबत बाहेर पडून गल्लीला एक फेरी मारून येतात. त्या सकाळी तुम्ही असाल तर सोबत चाला, बोलायचं काही नसतं.

पण शोक संपत नाही. दफनापासून ३० दिवस श्लोशिम, त्यात कामाला जातात पण लग्न, पार्टी, गाणंबजावणं टाळतात, दाढी केस न कापणारेही असतात. आईवडील गेले असतील तर हे १२ महिने चालतं. तेव्हा त्या वर्षी तुमच्या मुलीच्या लग्नात मैत्रीण आली नाही किंवा जेवणाआधीच निघून गेली तर मनाला लावून घेऊ नका. आमंत्रण जरूर द्या, आग्रह करू नका. पुढे दरवर्षी माणूस गेल्याच्या हिब्रू तारखेला यार्तझाइट म्हणजे स्मृतिदिन असतो, घरात चोवीस तासांचा दिवा लावतात, आपल्या कॅलेंडरवर ती तारीख दरवर्षी सरकते म्हणून एकदा विचारून फोनमध्ये टाकून ठेवा. कबरीवर गेलात तर तिथेही फुलं नको, एक छोटा दगड उचलून वर ठेवा.

आईवडिलांसाठी कद्दिश ११ महिने म्हणतात, आणि मग एके दिवशी ते थांबतं. हे कुणाच्या लक्षात राहत नाही. माझी मैत्रीण ११ महिने रोज सकाळी सिनेगॉगला जात होती, पावसात, ताप असताना, तेच दहाबारा चेहरे, तीच शेवटच्या रांगेतली खुर्ची. थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला उठली, तयार झाली, चावी हातात घेतली आणि मग लक्षात आलं की आज म्हणायचं काही नाहीये. मला तिने हे फार नंतर सांगितलं. तुमच्या कुणाच्या बाबतीत असेल तर दफनाच्या तारखेपासून ११ हिब्रू महिने मोजून ठेवा, आणि त्या आठवड्यात सकाळी लवकर, ती तयार होऊन बसलेली असते त्याच वेळेला, तिच्याकडे जा. आता बेल वाजवली तरी चालते.